घरून विचारून आणलेले रंग

मास्तरांना हिरवा आणि तपकिरी यांतला फरक दिसत नसे. लाल तर त्यांच्या लेखी निम्मा अंधारातच जमा. ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती. बाकी जगाच्या दृष्टीने ते मुलांच्या पुस्तकांचे नावाजलेले चित्रकार होते आणि कला महाविद्यालयात शिकवत होते. तिथे मुलं तेवढी 'सर' म्हणत, बाकी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत बिंग फुटलं. मास्तर त्यांच्या पहिल्यावहिल्या पुस्तकासाठी पोपट रंगवत होते. ती मागे येऊन उभी राहिली.

"अहो, हा पोपट आजारी आहे का?"

"का? चांगला उडतोय की."

"उडू दे. पण चॉकलेटी का आहे?"

मास्तरांचा चेहरा पडला. आता ही माहेरी जाऊन सांगणार, चित्रकार म्हणून दिलात आणि निघाला आंधळा. पण तिने खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. "सरका जरा. मी कालवते, तुम्ही लावा."

तेव्हापासून रंग कालवायची ती आणि लावायचे मास्तर. नुसतं 'हिरवा' म्हणून मास्तरांना काही उपयोग नव्हता. मग ती रंगांना स्वभाव द्यायची. रुसलेला हिरवा. अंघोळ करून आलेला हिरवा. उसनं हसणारा पिवळा. आणि एक लाल होता वरच्या मजल्यावरच्या बाईंसारखा. एकदा बोलायला लागला की दुसऱ्या कोणाला बोलू द्यायचा नाही. तो लाल आला की मास्तर टिकलीएवढाच लावत. रंग दिसला नाही तरी त्याच्याशी कसं वागायचं, ते त्यांना बरोबर कळायचं.

वर्गातही मास्तर तेच शब्द वापरत. कोणी चित्र दाखवून विचारलं, "सर, हा हिरवा कसा वाटतो?" तर म्हणत, "ठेवून जा. घाईने सांगायची गोष्ट नाही ही." चित्र घरी जायचं, ती वाटाणे सोलता सोलता बघायची आणि दुसऱ्या दिवशी निकाल वर्गात पोचायचा. मास्तर किती बारकाईने बघतात, याचं मुलांना कौतुक वाटायचं.

ती गेली तेव्हा एका गाढवाचं पुस्तक हातात होतं. घर सोडून निघालेलं गाढव शेवटच्या चित्रात टेकडी उतरून घरी येतं. तेवढं एकच चित्र राहिलं होतं. आजारपणातच, उशीला टेकून बसून, तिने त्या चित्राचे रंग कालवून ठेवले होते. "वाळू देत," ती म्हणाली होती. "पाणी लावलं की उठतील परत. तुम्ही उठा म्हणजे झालं."

मास्तर काही उठले नाहीत. पॅलेट टेबलावर तशीच पडून राहिली. वाळलेले रंग, प्रत्येकाला बारीक भेगा. मास्तर रोज बघत आणि झाकून ठेवत.

शेवटी संपादकबाईंचा फोन आला. "मास्तर, छापखाना थांबलाय हो. तुम्ही नुसती रेषा काढून द्या. रंग आमच्याकडची मुलं कॉम्प्युटरवर भरतील."

"नाही. या आठवड्यात देतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मग भरा तुम्हीच. पण त्यानंतर माझ्याकडे पुस्तक पाठवू नका."

बोलून बसले, पण बोलले ते खरंच होतं. तिचे रंग नसलेलं पहिलं पुस्तक हे त्यांचं शेवटचं ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी मेहुणी आली, मास्तर जेवतात की नाही ते बघायला. मास्तर कॉलेजातून परतले तर घर आरशासारखं लख्ख. टेबलावर पॅलेट होती, पांढरीशुभ्र.

"किती घाण साचली होती भावजी! दोनदा साबण लावला तेव्हा निघाली. ताई असती तर अशी ठेवू दिली असती का?"

मास्तर खुर्चीत बसले. पॅलेट उचलली, तिरकी करून बघितली. कोपऱ्यातसुद्धा काही उरलं नव्हतं. मेहुणी चांगली मायेने वागली होती, तिला बोलायचं तरी काय? पण त्यांचा चेहरा बघून तिने खोदून खोदून विचारलं, आणि मास्तरांनी सगळं सांगितलं. आधी ती रडली. मग पदर खोचून म्हणाली, "मी कालवते. मी काही तिची सावत्र बहीण नाही."

ती शेजारी बसली. नळ्या पिळल्या.

"हा लाल."

"कसला लाल?"

"कसला म्हणजे? लाल!"

"म्हणजे रागावलेला, लाजलेला, कसा?"

"भावजी, लालाला काय आडनाव असतं का? लाल म्हणजे लाल!"

मास्तर हसले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मेहुणीही हसली. चित्र मात्र कोरंच राहिलं.

आठवडा संपत आला. मास्तर गाढवाचा कागद आणि ती धुतलेली पॅलेट घेऊन कॉलेजात गेले. संपादकबाईंना तिथूनच फोन करून हार मानायची, असं ठरवूनच. वर्गात मुलं रंग कालवत होती. दारातच आवाज ऐकू आला.

"ए, हा रुसलेला नाहीये. हा नुसता कंटाळलाय."

"तुला काय कळतंय? पाणी घाल, मग बघ कसा रुसतो."

मास्तर दारातच थांबले. घरातले शब्द इथे, परक्या तोंडांत. घरात आता ते बोलायला कोणी नव्हतं, आणि इथे त्यावरून भांडण चाललं होतं. ते आत गेले, पॅलेट टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. पोपटापासून साबणापर्यंत.

मग मागचा उंच मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, माझ्या निळ्याला तुम्ही 'उपाशी आहे' म्हणालात, ते?"

"निळा मला दिसतो. तरी ते घरून विचारूनच आणलं होतं."

"तरीच. पटलं होतं मला."

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. चष्मेवाली मुलगी पुढे आली आणि कागदाकडे बघत राहिली. "टेकडीला काय म्हणाल्या होत्या बाई?"

"सांगितलं नव्हतं. मी उठलो की सांगणार होती."

मुलं पॅलेटभोवती जमली. दोघांनी कालवलं, तिसऱ्याने नाक मुरडलं, एकीने सरळ पुसून टाकलं. मास्तरांना सगळी ढवळाढवळ एकसारखीच दिसत होती. बऱ्याच वेळाने चष्मेवालीने पॅलेट त्यांच्यासमोर सरकवली.

"सर, बाईंचा हिरवा आम्हाला जमणार नाही. हा आमचा आहे. दमून घरी आलेला, पण अजून चपला न काढलेला. चालेल?"

मास्तरांनी डोळे मिटले. तिने असं म्हटलं नसतं. तिने काय म्हटलं असतं, ते आता कधीच कळणार नव्हतं. आणि गाढव तिकडे टेकडीच्या टोकावर उभंच होतं.

त्यांनी ब्रश भिजवला आणि वरून खाली पहिला पट्टा ओढला. मध्येच हात थांबवून सवयीने विचारलं, "पुरे?"

"अजून पाणी," उंच मुलगा म्हणाला.

"नको सर, आहे तसंच राहू द्या," चष्मेवाली म्हणाली.

आता ठरवायचं मास्तरांनाच होतं. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि रंग गाढवाच्या खुरांखालून, टेकडीच्या पायथ्यापर्यंत, थेट अंगणात उतरवला. तो कसा दिसतोय हे त्यांना कळलं नाही. वर्गात मात्र आता कोणी भांडत नव्हतं.