यादीत नसलेले बावन्न किलो

गाडी उंच करून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारते: गाडीत कायम काय असतं? चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे त्या उत्तरावर ठरतात. कधीमधी माल असेल तर नरम पाटे, कायम असेल तर कडक. किती इंच उंच करायची हा प्रश्न शेवटचा, पण माणसं येतात तीच तो विचारत. पोर्ट ऑगस्टात सव्वीस वर्षं मी हे वर्कशॉप चालवतेय. आपली गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा बुटकी का, या दुःखानेच निम्मी गिऱ्हाइकं माझ्या दारात येतात.

माझा भाऊ डेन्झिल त्यातलाच. रेल्वेतून निवृत्त झाला आणि महिन्याभरात दुहेरी केबिनची पिकअप घेऊन आला. मागे पत्र्याची मोठी पेटी, टपावर तंबू, जादा डिझेलची टाकी, दोन स्टेपन्या, पाण्याचे कॅन, फ्रीज. अजून पाटा बदललेला नव्हता आणि गाडीची मागची बाजू जमिनीला टेकायला आली होती.

"चार इंच उंच कर," तो म्हणाला.

"दोनच्या वर केलीस तर इंजिनीअरचा कागद लागतो. आणि उंच केल्याने गाडीची ओझं वाहायची ताकद वाढत नाही, ती चेसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर असते. ही पोरगी काय बडबडतेय असं तोंड करू नकोस."

"पोरगी? अठ्ठावन्नची झालीस, नोलीन."

त्याने खिशातून यादी काढली. दोन पानं, प्रत्येक वस्तूपुढे वजन. तंबूचे खुंटे एक किलो चारशे. उश्या दोन, आठशे ग्रॅम. चालक, चौऱ्याण्णव. कुत्रा, अठरा.

त्याची बायको कोरल दारात उभी होती. तिने यादी घेतली, खिडकीजवळ नेली आणि मान तिरकी करून वाचली. वर्षभरापासून ती असंच वाचायची. नजरेच्या मधोमध डाग धरला होता. डॉक्टरने सांगितलं होतं, या वर्षी दिसेल, पुढच्याचं सांगता येत नाही.

"कुत्रा आहे," ती म्हणाली. "मी नाही."

डेन्झिल हसला. "अगं, तू काय सामान आहेस का?"

मीही हसले. ते हसू मला आजही ऐकू येतं, आणि स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

"बावन्न किलो लिही," कोरल म्हणाली. "आणि इतक्या उंच गाडीत मी चढणार कशी ते पण लिही."

"दुधाचा क्रेट ठेवू पायरीला," डेन्झिल म्हणाला. बावन्न काही त्याने लिहिले नाहीत.

ही सगळी धडपड कशासाठी होती ते सांगते. कोरल विल्यम क्रीकजवळच्या एका रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली. तिचा बाप जुन्या लाइनीवर गँगमन होता. आयर सरोवर तिथून जवळ, पण तिने ते पाहिलं ते कोरडंच, पांढरंफटक. पाणी आलं की नेईन, असं बाप म्हणायचा. ती सात वर्षांची असताना त्याची बदली झाली आणि पाणी राहून गेलं. पुढे नोकऱ्या, मुलं, सासूचं आजारपण. त्या वर्षी मार्चमध्ये क्वीन्सलँडात, जिथल्या नद्या या सरोवराला मिळतात, धो धो पाऊस झाला. मे महिन्यापर्यंत सरोवर भरणार, असं जो तो म्हणायला लागला. डोळे जायच्या आत कोरलला पाणी बघायचं होतं. तिने दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ती एकटी वर्कशॉपला आली. हातात केक होता.

"तुझी जुनी वॅगन चालते ना?" तिने विचारलं.

"चालते म्हणजे? धावते."

"मग पाणी पोचलं की एखाद्या शनिवारी जाऊन येऊ. तू आणि मी. तंबू नको, फ्रीज नको."

माझ्या वॅगनला कंपनीचे मूळ पाटे होते. त्याच पाट्यांवर वॅगनने तो रस्ता चाळीस वेळा केलाय. मला फक्त हो म्हणायचं होतं.

"थांब की," मी म्हणाले. "नवी गाडी तयार होतेय. नवऱ्याबरोबर थाटात जा."

केक टेबलावर ठेवून ती निघून गेली.

आधी मी दोन इंच उंच करणारे मध्यम पाटे बसवले. डेन्झिलने सगळं सामान भरलं आणि गाडी परत बसली. त्याला आणखी कडक हवे होते. ते मागवले, त्यात पाच आठवडे गेले. मग इंटरनेटवर कुणा शहाण्याने त्याला पाट्यांवर रबरी फुगे बसवायला सांगितलं, हवा भरली की मागची बाजू वर राहते म्हणून. तोवर मे संपला होता. टीव्हीवर सरोवर दिसत होतं, पेलिकनचे थवे दिसत होते. कोरल टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून मान तिरकी करून बघायची.

जुलैमध्ये मी गाडी वजनकाट्यावर नेली. छत्तीसशे दहा. परवानगी तीन हजार पन्नासची. साडेपाचशे किलोंहून जास्त, आणि त्यात कोरल नव्हती.

आता खरं सांगते. मला माहीत होतं. फुगे चेसीच्या एकाच जागी भार देतात. मागे एवढं ओझं लटकत असेल आणि खाली पन्हळी पत्र्यासारख्या लाटा पडलेला रस्ता असेल, तर चेसी केबिनच्या मागे वाकते. अशा तीन गाड्या मी स्वतः ट्रेलरवर घालून आणल्या होत्या. कुणी परका असता तर पेटी उघडून निम्मं सामान अंगणात फेकलं असतं आणि वर शिव्याही दिल्या असत्या. डेन्झिलला मी म्हणाले, "हवे आहेत ना चार इंच? घे चार इंच." कागदावर दोन लिहिले. फुगे बसवले.

बाबांनी वर्कशॉप मला दिलं तेव्हापासून हा माणूस माझ्या प्रत्येक बोल्टाला नावं ठेवत आला होता. मला त्याला एकदा तोंडावर पाडायचं होतं. गाडी जवळपास कुठेतरी मोडेल, हा मान खाली घालून येईल, आणि मी म्हणेन, सांगितलं होतं. शेजारच्या सीटवर कोण बसणार आहे, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. यादी त्याची होती, पण कोरलला मीही धरलं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते निघाले. कोरल क्रेटवर चढली, डेन्झिलने तिला मागून ढकललं, मग क्रेट टपावर बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी सॅटेलाइट फोनवरून त्याचा आवाज आला. "नोलीन, पेटी आणि केबिन यांच्यात मूठ जाईल एवढी फट पडलीय."

ट्रेलर घेऊन मी पोचेपर्यंत त्याच्या पुढच्या दिवसाची दुपार झाली. विल्यम क्रीकवरून सरोवराकडे जाणाऱ्या वाटेवर पिकअप मधोमध वाकून उभी होती. डेन्झिल सावलीत बसून यादी घेऊन कोणतं सामान आधी उतरवायचं ते ठरवत होता. कोरल क्रेटवर बसली होती, सरोवराच्या दिशेला तोंड करून.

"काल एक जोडपं आलं होतं," ती म्हणाली. "साधी गाडी होती. म्हणाले, चला आमच्याबरोबर, पाणी बघा, संध्याकाळी इथेच आणून सोडतो."

"मग?"

तिने मानेने नवऱ्याकडे दाखवलं.

"वाटेत बंद पडलं तर गाडी सोडायची नाही," डेन्झिल म्हणाला. "तुला माहीत आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय."

शिकवलंय खरं. इथल्या प्रत्येक पोराला शिकवतात, कारण गाडी सोडून चालत निघालेली माणसं उन्हात मेलेली आहेत. पण ते चालत निघालेल्यांसाठी आहे, रे गाढवा. दुसऱ्या गाडीत, पाण्यासकट, माणसांबरोबर बसून जाणाऱ्या बाईसाठी नाही. हे मी त्याला तिथेच सुनावलं. तो यादीकडे बघत राहिला.

"आता जाऊ या का आपण?" मी कोरलला विचारलं.

"ट्रेलर घेऊन?" ती म्हणाली. "आणि मागे ही मोडकी वरात? नको. घरी चल."

मी ट्रेलर तिथेच सोडून तिला नेऊ शकले असते. हे मला तीनशे किलोमीटर मागे आल्यावर सुचलं.

नोव्हेंबरपर्यंत पाणी आटलं. पिकअप माझ्या अंगणात रिकामी उभी आहे. ओझं उतरल्यावर त्या कडक पाट्यांनी तिची मागची बाजू हवेत गेलीय. डेन्झिल अधूनमधून येतो, तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि जातो. माझ्या बोल्टांना आता नावं ठेवत नाही. त्याने ठेवलेली चालतील असं वाटतं.

यंदा एप्रिलमध्ये कोरल आली. आता ती चेहरे ओळखत नाही, आवाज ओळखते.

"वॅगन धावते का?"

आम्ही निघालो. पाण्याचा एक कॅन, पाव, थर्मास. ती स्वतःची स्वतः आत चढली आणि दार ओढून घेतलं.

काठावर पोचलो तेव्हा ऊन पांढरं झालं होतं. ती माझ्या दंडाला धरून उभी राहिली.

"पांढरं तेवढं दिसतंय," ती म्हणाली. "मीठ ना?"

"मीठ."

"पाणी कुठवर आलं होतं?"

खाली वाळक्या काड्यांची आणि पेलिकनच्या पिसांची एक रेघ पडली होती. "इथवर. तुझ्या बुटांच्या पुढे."

तिने बुटाने ती रेघ चाचपली. एक पीस उचललं, वास घेतला आणि स्वेटरच्या खिशात ठेवलं.

"आणि आमची गाडी कुठे मोडली होती?"

खोटं बोलायचं मनात आलं. येताना त्या जागेपासून मी मीटर बघितला होता.

"तेवीस किलोमीटर मागे."

"तेवीस," ती म्हणाली. तिने खिशातलं पीस बोटांत फिरवलं. मग म्हणाली, "त्या जोडप्याच्या गाडीत कुत्रा होता, नोलीन. बाई म्हणाली, त्याला मांडीवर घेते, जागा होईल."

मी थर्मास उघडला. चहा ओतला आणि कप तिच्या हातात दिला.