पिना मारलेलं प्रकरण

कादंबरीचं शेवटचं प्रकरण बाईंनी चाळीसच्या चाळीस प्रतींमध्ये स्टेपलरच्या पिना मारून बंद करून टाकलं होतं. वर एक, खाली एक आणि बाजूला दोन. कुणी आधीच शेवट वाचून बाकीच्यांची मजा घालवू नये, म्हणून हा सगळा बंदोबस्त. नववीची पोरं काय चीज असतात हे बाईंना वीस वर्षं शिकवून ठाऊक झालेलं होतं. पुस्तकं वाटताना त्या म्हणाल्या, पिना काढल्यात म्हणून मी गुण कापणार नाही, पण अंदाज बांधायची संधी एकदाच मिळते, ती घालवायची असेल तर तुमचं तुम्ही बघा.

दोघा-तिघांनी त्याच संध्याकाळी पिना उचकटल्या आणि दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला शेवट सांगत सुटले. मास्तरीण दोन्ही कानांत बोटं घालून बाकावर बसली.

मास्तरीण म्हणजे वर्गातलीच मुलगी, चौदा वर्षांची. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. चौथीत असताना रस्त्यावर औषधालाही गाडी नव्हती, तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत ती बाबांना हाताला धरून उभी राहिली होती, तेव्हापासून ती मास्तरीण. कुणी नियम सांगितला की तो पाळायचा, एवढं तिला कळायचं. तो कशासाठी केला हे विचारायच्या भानगडीत ती पडायची नाही.

बाबा जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून द्यायचे. घराची पुढची खोली हाच कारखाना. खुर्ची उलटी करून जुन्या पिना एकेक उपटायच्या, कापड सोलून काढायचं, स्पंज बदलायचा, नवं कापड ताणून ठोकायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी चार-चार तास डायलिसिस. आई कपडे धुण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायची, तिला रोज सुट्टी कोण देणार? शनिवारी शाळा अर्धी, त्यामुळे शनिवार मास्तरणीच्या वाट्याला आला, आणि मंगळवारी शाळा सुटल्यावर शेवटचे दोन तास.

डायलिसिसच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. रेक्झिन जागोजागी फाटलेलं, वर चिकटपट्ट्या. हाताला सुया टोचलेल्या अवस्थेतही बाबा दुसऱ्या हाताने खुर्चीची शिवण चाचपायचे आणि ज्याने ही शिवली त्याचा उद्धार करायचे. सिस्टर म्हणायची, काका, हात हलवू नका, मशीन ओरडतंय. काका तेवढ्यापुरते गप्प बसायचे.

तिथे चार तास करायचं काय, तर वाचन. बाईंनी वाचनाच्या युक्त्या फळ्यावर लिहून दिल्या होत्या: थांबून अंदाज बांधा, प्रश्न विचारा, वाचलेलं स्वतःच्या आयुष्याशी जोडून पाहा, लेखकाने न लिहिलेलं ओळखा. मोठ्याने वाचा, हीसुद्धा त्यातलीच एक. मास्तरीण मोठ्याने वाचू लागली आणि बाबा ऐकू लागले. पहिल्या शनिवारी ऐकता ऐकता झोपले. दुसऱ्या शनिवारी झोपले नाहीत. तिसऱ्या शनिवारी खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी विचारलं, पुस्तक आणलंस ना.

गोष्ट दोन भावांची होती. धाकटा रागावून घर सोडतो, गावोगाव विहिरी खणत फिरतो आणि वीस वर्षांनी परत येतो. भांडण कशावरून झालं हे लेखक नीट सांगतच नाही, आणि बाबा त्यावरून लेखकावर चिडायचे. मास्तरीण म्हणायची, बाबा, हे आपण ओळखायचं असतं. बाबा म्हणायचे, पुस्तक त्याने लिहायचं आणि डोकं आपण चालवायचं, हा बरा धंदा आहे.

प्रत्येक प्रकरणानंतर वहीत दोघांचे अंदाज लिहिले जायचे. चौदा प्रकरणं झाली तेव्हा मास्तरणीचे अकरा अंदाज बरोबर निघाले होते आणि बाबांचे तीन. बाबांचं सगळं चांगलंच होणार असायचं: पाणी लागणार, ताप उतरणार, हरवलेला बैल सापडणार. मास्तरीण त्यांना हसायची. बाईंनी वहीत लाल शाईने शाबासकी लिहिली होती, ती तिने बाबांना दोनदा वाचून दाखवली.

चौदावं प्रकरण संपलं ते एका शनिवारी. धाकटा भाऊ थोरल्याच्या दारात उभा आहे, आत माणसांचे आवाज आहेत, त्याने कडी वाजवायला हात वर केला आहे. पुढे पिना.

बाबा म्हणाले, "उघडेल तो."

मास्तरीण म्हणाली, नाही उघडणार. वीस वर्षांत एक चिठ्ठी नाही, कोण उघडेल? तिने वहीत तसं लिहिलंही.

बाबांनी मोकळा हात पुढे केला. "दे इकडे. नखाने काढतो आणि होत्या तशा लावून देतो. आयुष्य पिना काढण्यात गेलंय माझं, तुझ्या बाईंना पत्ता लागणार नाही."

मास्तरणीने पुस्तक पाठीमागे घेतलं. सोमवारी वर्गात सगळे मिळून उघडणार आहेत, मंगळवारी तुम्हाला वाचून दाखवते, असं ती म्हणाली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला, शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांना ऐकू जाऊ नये इतका. "ऐक ना. मी मनाशी एक ठरवलंय. त्याने दार उघडलं, तर आज इथून घरी गेल्यावर दादाला फोन करायचा."

दादा म्हणजे बाबांचा थोरला भाऊ, मास्तरणीचे काका. तिला ते फक्त फोटोतूनच ठाऊक होते. पूर्वी दोघं भाऊ मिळून हाच कारखाना चालवायचे. एकदा काकांनी एका मोठ्या सोफ्याला मखमल उलटी चढवली, लव खालून वर. बाबांनी ते गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवलं, वर हसले. काकांनी हातोडी खाली ठेवली, चपला घातल्या आणि दुसऱ्या गावी जाऊन वेगळं दुकान टाकलं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. घरात हा विषय निघाला की आई उठून पाणी प्यायला जायची.

हे सगळं मास्तरणीला माहीत होतं. तरीही ती म्हणाली, "मंगळवारी बाबा. तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली, की मी नियम पाळला. पण ते पूर्ण खरं नव्हतं आणि हे तिलाही माहीत होतं. तिचे अकरा अंदाज बरोबर आले होते. बारावा वर्गात सगळ्यांदेखत बरोबर निघावा, बाईंनी मान डोलवावी, एवढी तिची हौस होती. नियमाचं नाव नुसतं पुढे केलेलं.

"बरं," बाबा म्हणाले. "मंगळवार तर मंगळवार."

रविवारी सकाळी त्यांनी अर्धा कप चहा घेतला, दाढीला पाणी मागितलं आणि आरशासमोरच खाली बसले. आई धावली, शेजारचे आले, रिक्षा आली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी हात धरून बघितला आणि सोडून दिला.

स्मशानात सगळ्यांच्या मागे एक माणूस उभा होता. बाबांसारखाच उंच, बाबांसारखाच एक खांदा खाली. तो पुढे आला नाही, कुणाशी बोलला नाही आणि सगळे परत फिरायच्या आत निघूनही गेला. आई म्हणाली, ते काका.

बारा दिवसांनी मास्तरीण शाळेत गेली. वर्गाने शेवट वाचून, त्यावर भांडून, पुढचं पुस्तक सुरू केलं होतं. पिना लागलेली प्रत तिची एकटीचीच उरली होती. बाईंनी तिला स्टाफरूममध्ये नेऊन पाठीवर हात ठेवला आणि एक कागद दिला. त्यावर पाच प्रश्न होते. कोणत्या युक्त्या वापरल्या, कादंबरीचं मुख्य सूत्र काय, असले. तिसरा प्रश्न होता: शेवटाबद्दल तुमचा अंदाज काय होता, आणि तो बरोबर आला का? जमेल तेव्हा दे, बाई म्हणाल्या, घाई नाही.

परीक्षेत एकही प्रश्न न सोडणाऱ्या मुलीने चार प्रश्न लिहिले आणि तिसरा कोरा ठेवला. मुख्य सूत्र तर तिने झकास लिहिलं: माणसं एकमेकांची वाट बघतात, पण आधी पाऊल कुणी टाकायचं यावर अडतात. लिहून झाल्यावर ते वाक्य वाचलं आणि तिला स्वतःचीच चीड आली. सगळं कळत होतं की हिला. कागदावर.

मग एका शनिवारी दुपारी काका आले. आई कामावर होती. दारात उभे राहून त्यांनी मान खाली घालून सांगितलं, की गिऱ्हाइकांच्या खुर्च्या अर्धवट पडल्या असतील, त्या पुऱ्या करून देतो. मास्तरणीने दार पूर्ण उघडलं. ते आत आले, क्षणभर खोलीभर नजर फिरवली आणि न विचारता बरोबर पूर्वीच्याच फळीवरून हातोडी उचलली.

तीन खुर्च्या होत्या. काका जमिनीवर बसून पिना उपटू लागले. मास्तरीण पाण्याचा तांब्या ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. दोन खुर्च्या झाल्या. तिसरी उलटी करताना काकांनी मान वर न करता विचारलं, "माझं नाव काढायचा का कधी?"

हो, नेहमी, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. दुसरी कुणी तसं म्हणालीही असती. मास्तरणीला खोटं बोलता येत नव्हतं. तिने सगळं सांगितलं: सहा खुर्च्यांची खोली, दोन भाऊ, पिना, फोनचं ठरवलेलं, आणि आपण पुस्तक पाठीमागे घेतलं तेही. "मी वाचू दिलं असतं तर त्यांनी शनिवारीच फोन केला असता," ती म्हणाली.

काकांनी हातातली हातोडी पायाशी ठेवली. "केला असता तरी मी उचलला नसता," ते म्हणाले. "मी तसलाच आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मास्तरणीच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. तिने डोळे पुसले.

"आण ते पुस्तक," काका म्हणाले.

तिने आणलं. त्यांनी चारही पिना अंगठ्याच्या नखाने उचकटल्या, पान कुठे फाटलं नाही, आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. मग पाठ फिरवून नवं कापड ताणायला बसले. वाच, म्हणाले.

प्रकरण अडीच पानांचं होतं. धाकटा कडी वाजवतो. दार उघडायला थोडा वेळ लागतो, कारण थोरल्याचे गुडघे दुखतात. तो उघडतो, बघतो, आणि ओळखतो. वीस वर्षांबद्दल अवाक्षर नाही. हातपाय धू, म्हणतो, जेवायला बसतोच आहोत. धाकटा विहिरीवर जातो, पाणी काढतो, आणि तिथे कादंबरी संपते. वाचायला सात मिनिटंही लागली नाहीत. त्या शनिवारी मशीनवरचा दीड तास बाकी होता.

काकांनी ताणलेलं कापड सुटून परत सैल पडलं. ते तसेच पाठमोरे बसून राहिले आणि त्यांचा तो खाली झुकलेला खांदा हलू लागला. मास्तरणीला काय करावं कळेना. ती जवळ गेली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मघाशी खोटं बोललो," काका म्हणाले. "उचलला असता गं. पहिल्या रिंगला उचलला असता."

मास्तरणीने मान हलवली. तिला ते मघाशीच कळायला हवं होतं, न लिहिलेलं ओळखणारी तीच तर होती. ओझं होतं तिथे परत येऊन बसलं. आता ते तिथून हलणार नव्हतं.

काकांनी तळहाताने तोंड पुसलं. "पण तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस हे," ते म्हणाले. "तू तीन दिवस थांबवलंस. मी अकरा वर्षं. फोन काय माझ्याकडे नव्हता?"

आई येईपर्यंत तिसरी खुर्ची झाली. काका जेवायला थांबले. जेवताना आईने त्यांना दोनदा भात वाढला आणि बाबांबद्दल कुणी काही बोललं नाही.

सोमवारी मास्तरणीने बाईंना कागद दिला. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या तो वाचला, तिसऱ्या प्रश्नाशी थांबल्या आणि लाल पेन परत पर्समध्ये टाकलं. तिथे लिहिलं होतं: माझा अंदाज चुकला. बाबांचा बरोबर आला. त्यांना सांगायचं राहून गेलं.