पाटी कोणी काढायची?

साहेब, माझ्या आत्याला तुम्ही ज्या ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंत, ते करायचंच नाही हे तुमचं आधीच ठरलं होतं. हे तोंडावर म्हणणार होते. तुम्ही वॉर्डात सापडत नाही, म्हणून लिहून म्हणते.

आत्या ड्रायव्हिंग शिकवायची. अर्धं शहर तिच्या शिव्या खात क्लच दाबायला शिकलं. पोटातला कॅन्सर पसरला, आतडं जागोजागी दाबलं गेलं आणि खाल्लेलं खाली जाईना, सगळं उलटून यायचं. तुमच्या माणसांनी तिच्या नाकातून पोटात नळी घातली, नळीला पिशवी लावली आणि खाटेला पाटी टांगली: 'तोंडाने काही नाही. ऑपरेशन.'

पाटी बघून आत्या खूश. "बघ, आता रस्ता खोदून मोकळा करतात!"

रोज सकाळी ती वेणी घालून तयार. रोज स्ट्रेचर यायचं आणि दुसऱ्याच कुणाला घेऊन जायचं. पाणी मागितलं की ओठांवर ओला कापूस. तिला हवा होता चहा. जगाकडे तेवढंच मागणं उरलं होतं.

शेवटी मी सिस्टरना धरलं. "घोटभर चहा द्या हो हिला."

"पाटी आहे ना."

"मग ऑपरेशन कधी?"

सिस्टर आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाही होणार. एका जागी अडलं असतं तर कापून जोडलं असतं. यांचं सगळीकडे अडलंय. सरांनी राउंडला सांगितलं."

"कुणाला सांगितलं?"

"आम्हाला."

"वा! मग काढा पाटी."

"सरांनी लावलेली पाटी सरच काढतात. ते परिषदेला गेलेत."

आत्या झोपली नव्हती, सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता ही रडणार.

"म्हणजे सिग्नल बिघडलाय," ती म्हणाली, "आणि मी शहाण्यासारखी थांबून राहिलेय! अगं, बघतेस काय, कुणाला तरी बोलाव!"

खालच्या मजल्यावर दुखणं हलकं करणाऱ्या डॉक्टरबाई बसतात. तुमच्या परवानगीशिवाय त्यांना वर आणायचं नाही, हाही तुमचाच नियम. त्या दिसल्या की पेशंटला वाटतं आपण हरलो, म्हणे. मी त्यांना हात धरून वर आणलं.

त्यांनी आत्याचं पोट चाचपलं, फाइल चाळली आणि खाटेवरच बसल्या. "ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाही, असं नाही हं. आतड्यात पाणी झिरपत राहतं, ते कमी करायचं इंजेक्शन असतं. सूज उतरवायचं असतं. कळ आणि मळमळ थांबवायची औषधं आहेत. पिशवी कमी भरायला लागली की नळी काढून बघू."

"अडलेलं सुटेल?" आत्याने विचारलं.

"सांगता येत नाही. नाही सुटलं तरी उलट्या कमी होतील. आजार मात्र जाणार नाही."

आत्याने मान डोलावली. मग म्हणाली, "आणि चहा?"

"आत्ताच घ्या. नळीतून पिशवीत जाईल, पण जिभेला तर लागेल!"

पाटी त्यांनी स्वतः काढली. सिस्टरना म्हणाल्या, "सरांना माझं नाव सांगा."

आत्याने डोळे मिटून चहा घेतला. पिशवी तपकिरी व्हायला लागली. "अगं बाई, टाकी गळतेय!" आत्या ओरडली आणि सगळा वॉर्ड हसला.

आता ती घरी आहे. नळी निघाली. त्वचेखाली बारीक सुई असते, तिच्यातून औषध जातं. दिवसातून एखादी उलटी होते. "तेवढा टोल भरावाच लागतो," म्हणते आणि पुन्हा कप पुढे करते. किती दिवस, ते आम्ही विचारत नाही.

काल तिची राहिलेली शाल आणायला वॉर्डात गेले. तिच्या खाटेवर एक काका होते. नाकात नळी, दाढी करून, भांग पाडून तयार. पाटी तीच. त्यांच्या बायकोने मला विचारलं, "यांचा नंबर कधी लागेल हो?"

मी काय सांगणार? साहेब, तुम्ही सांगा. ऑपरेशन होणार असेल तर तारीख द्या. होणार नसेल तर त्या दोघांसमोर बसून तसं म्हणा. काका तहानलेले आहेत. कधी सांगताय?