खालच्या बहात्तर रेषा

हर्षाने तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली आणि वहीत तक्ता आखला. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला त्यावाचून चैन पडणार नव्हतं. काम तसं छोटं होतं. तिच्या आईबाबांच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर आणायची. डीव्हीडी हवी होती ती मात्र शेजारच्या श्रावणमोठेबाबांना.

त्यांची बायको रुखमा मागच्या पोळ्याआधी गेली. मतदान कार्डावरच्या धुरकट फोटोखेरीज तिचं एकही चित्र घरात नव्हतं. या लग्नाच्या कॅसेटमध्ये ती आहे, एवढं मोठेबाबांना पक्कं आठवत होतं. हर्षाने चंद्रपूरला एका स्टुडिओत कॅसेटची फाईल करून घेतली आणि शेवटाला येता येता जुनी फीत तुटली. आता उरली ती फाईल. मोठेबाबांचा मोबाईल साधा बटणांचा, पण झाडीपट्टीची नाटकं पाहायला घेतलेला डीव्हीडी प्लेअर अजून चालत होता.

हर्षाचे आईबाबा दर फेब्रुवारीत तेलंगणात मिरची तोडायला जायचे. सातवीपासून बारावीपर्यंत ते दिवस हर्षाने रुखमामोठीमायकडे काढले. परीक्षेच्या सकाळी मोठीमाय चूल पेटवून आधी तिचा डबा करायची, मग स्वतःचा चहा ठेवायची. मुलचेऱ्याजवळच्या या गावातून हर्षा चंद्रपूरच्या कॉलेजात पोचली ती त्या डब्यांवर. पण ‘तुझे उपकार आहेत’ असं मोठीमायला तिने कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मोठीमायच हसली असती.

पहिल्या सॉफ्टवेअरने चित्राच्या मधोमध आपलं नाव छापलं. ते बाद. दुसरं ओबडधोबड, संथ, आणि टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणारं.

“ह्या पट्ट्या काऊन वो?” हर्षाची आई सत्यशीला म्हणाली. “माह्या लग्नाचे अर्धे पाव्हणे पडद्याआड बसले का?”

तिसऱ्याने मात्र अख्खा टीव्ही भरला, शिवाय सुरुवातीला फुलांची नक्षी. हर्षाने प्रत्येकाची दोन-दोन मिनिटं तपासली, गुण मांडले आणि तिसरं निवडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठेबाबांनी पूर्ण दीड तास डीव्हीडी पाहिली. मध्ये पाणी प्यायलाही उठले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “बेस केलं पोरी. साफ दिसते.”

मग थोड्या वेळाने, जरा ओशाळूनच, “पन रुखमा कुठी दिसून नाई राह्यली. माह्यंच ध्यान चुकलं असन. समोरच बसली होती ना ते, आथरलेल्या दरीवर.”

हर्षा घरी आली ती थेट लॅपटॉपपाशी. मूळ फाईल आणि डीव्हीडी तिने शेजारी शेजारी लावली. रुंद टीव्ही भरण्यासाठी सॉफ्टवेअरने चित्राची उंची छाटली होती. चित्राच्या पाचशे शहात्तर आडव्या रेषांपैकी वरच्या बहात्तर गेल्या, खालच्या बहात्तर गेल्या. वर नुसतं मांडवाचं कापड होतं. खाली, वधूवरांच्या पुढ्यात, अंथरलेल्या सतरंजीवर बायका बसल्या होत्या. आणि त्यात, चित्राच्या अगदी तळाशी, मोठीमायचा चेहरा होता.

तपासलेल्या दोन मिनिटांत फक्त मांडव आणि कमान होती. वहीतल्या तक्त्यात ‘काय कापलं जातं’ असा रकानाच नव्हता. हर्षाने तो आता आखला. मग दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. डीव्हीडी व्हायला पाच तास लागले. मोठीमाय दिसते तिथे तिने एक खूण टाकून ठेवली. रिमोटचं पुढे जायचं बटण एकदा दाबलं की थेट तिथेच.

काळ्या पट्ट्यांबद्दल मोठेबाबांनी विचारलंही नाही. हर्षाने बटण दाखवलं, त्यांनी ते अंगठ्याने जपून दाबलं.

लुगड्यातली तरुण रुखमा, मांडीवर कोणाचं तरी लेकरू. कॅमेरा आपल्याकडे वळलेला पाहून तिने पदर तोंडाशी धरला, शेजारणीला काही सांगितलं आणि हसली. सगळे मिळून अकरा सेकंद.

“हे पाय,” मोठेबाबा म्हणाले. “लाजली का पदर तोंडाशी. जलमभर असंच.”

हर्षाने त्यांना मागे जायचं बटणही दाखवलं.

सत्यशीला दारात येऊन उभी होती. डोळे पुसून ती म्हणाली, “श्रावणभाऊ, माहं लगनबी पायजा थोडंसं. नवरी मी होती.”

“पायतो ना वो,” मोठेबाबा म्हणाले. “आधी हिले पाहू दे.”

आणि त्यांनी ते अकरा सेकंद पुन्हा लावले.