टकळीवरचे केस

दुर्गाघाटावर महिला मंडळाने विणकामाचा वर्ग काढला, ते साल १९९६. दिल्लीहून शिकून आलेल्या अवनी मॅडमनी पहिल्याच दिवशी सूत आणि लोकर बाद केली. घरात पडलेले काहीही आणा, ते विणू, म्हणाल्या. बनारसच्या घरांत पडलेल्या वस्तूंचा तुटवडा नाही. मुक्ताने कॅसेटची फीत आणली. बकुळमावशींनी सायकलची ट्यूब आणली; त्यांचे यजमान दुसऱ्या दिवशी बँकेत पायी गेले.

शरदिनीवहिनींनी फडक्यात बांधून केस आणले.

विंचरताना गळलेले केस बायका वेणीत गुंफायच्या गंगावनासाठी साठवतात. हे त्यांच्या लेकीचे, देवश्रीचे. औषधांनी केस जाऊ लागले तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, बरी झालीस की तुझ्याच केसांचे गंगावन करू. देवश्री फाल्गुनात गेली. वहिनींच्या यजमानांनी, विश्वेश्वरशास्त्रींनी, लेकीच्या फणीपासून चपलांपर्यंत सगळे गंगेत सोडले. केसांचे त्यांना ठाऊक नव्हते.

"काय धाडसी मटेरिअल आहे," मॅडम म्हणाल्या.

धाडसी मटेरिअल फ्रेमवर ठरेना. रोज थोडे निसटून जमिनीवर पडे.

"पीळ हवा याला," मॅडम म्हणाल्या. "कुणी कातून देईल?"

"जिज्जी, शास्त्रीजी हैं ना," मुक्ता वहिनींना म्हणाली. "जानव्याचं सूत घरीच काततात."

वहिनींनी केस पुन्हा फडक्यात बांधले. नवऱ्याला दाखवले तर केस गंगेत जाणार. न दाखवले तर रोज थोडे केरात जाणार. संध्याकाळी त्यांनी फडके शास्त्रींसमोर उलगडले.

"कुणाचे?"

"देवूचे."

"घरात ठेवत नसतात हे."

"माहीत आहे."

"तरी ठेवलेस."

"ठेवले."

शास्त्री उठले. घाटाकडे निघाले असे वहिनींना वाटले. त्यांनी कोनाड्यातून टकळी काढली, कापसाचा पेळू घेतला आणि त्यात केसांची बट लावली.

"आता ही टकळी जानव्याला चालायची नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाही चालणार."

लांब केस कापसाबरोबर मुकाट पीळ घेत गेले. काळापांढरा धागा टकळीवर चढू लागला. तळाशी आखूड केस होते. एकदा सगळे गेल्यावर पुन्हा उगवले आणि तेही गळले, ते हे. ते पिळात बसेनात. शास्त्रींनी बोटे ओली करून पाहिली. पुन्हा लावले, पुन्हा निसटले.

"एवढे तरी सोडू या का गंगेत?" शेवटी त्यांनी विचारले. एरवी ते असे कुणाला विचारत नसत.

वहिनींनी ते केस तळहातावर घेतले आणि मूठ मिटली.