दोन दांड्यांचा एक

मित्रांनो, मी एक जुने नाणे आहे आणि माझी छाती अजून धडधडते आहे. नाण्याला कसली आली छाती, असे म्हणू नका. कालची दुपार पाहिली असती तर तुमचीही बोबडी वळली असती.

जन्माचे थोडक्यात सांगतो. टाकसाळीत ज्या पोलादी ठशाचा ठोका आमच्यावर पडतो, तो ठसा घडवताना त्यावर मूळ छाप दोनदा दाबत असत. एका ठशाच्या वेळी दुसरा दाब केसभर सरकला. कोणाच्या लक्षातही आले नाही. त्या ठशाखालून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर वर्षाच्या शेवटच्या एकाला दोन दांडे आले, एकमेकांना चिकटलेले, टोकाशी बारीक खाच असलेले. त्यातलाच मी. पुढे कितीतरी वर्षे मी या खिशातून त्या खिशात फिरलो. माझ्या तोंडाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

मग मी एका घड्याळजींच्या दुकानात आलो. या गृहस्थांची सवय अशी, की सुटे पैसे हातात पडले की डोळ्याला भिंग लावून एकेक नाणे निरखायचे. गिऱ्हाईक ताटकळले तरी बेहत्तर. मला पाहताच ते असे दचकले की हातातला स्क्रूड्रायव्हर सटकला आणि माझ्या काठाखाली आडवा ओरखडा उठला. दुखले, पण रागावलो नाही. जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी मला नीट पाहिले होते!

ते माझा फोटो घेऊन नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात गेले. अध्यक्षांनी नाक मुरडले. म्हणाले, "ठोका पडताना यंत्र हललं की असं दिसतं. पण ते दर नाण्यावर वेगळं असतं. ठसाच दुहेरी असेल, तर याच जागी अगदी असंच असलेलं दुसरं नाणं आणा. मग मानू."

घड्याळजी हट्टाला पेटले. मला एका डबीत ठेवून ते दुसऱ्याच्या शोधाला लागले. सहा वर्षे झाली. मंडळातले लोक त्यांना 'दुहेरीवाले' म्हणून चिडवू लागले. त्यात गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितले, की भिंगाचा डोळा वर्षअखेरपर्यंत साथ देईल, पुढचे सांगता येत नाही.

आता मधली गोष्ट ऐका. दीड वर्षापूर्वी एका सकाळी त्यांच्या पत्नीला बससाठी सुटे हवे होते. तिने डबी उघडली आणि मला उचलून चक्क कंडक्टरच्या हातात ठेवले! मी हादरलो. बाई मनाने सरळ. संध्याकाळी तेवढ्याच किमतीचे नाणे ती डबीत ठेवणार, हे मी तेव्हाच ओळखले. घड्याळजींना मात्र त्यातले काही ठाऊक नव्हते.

आणि काल एका नर्सताईंनी घड्याळाच्या पट्ट्याचे पैसे म्हणून मला त्याच दुकानातल्या काचेवर ठेवले.

घड्याळजींनी भिंग लावले. "सापडलं! दुसरं सापडलं!" ते एवढ्याने ओरडले की नर्सताई दोन पावले मागे सरकल्या. घड्याळजींनी तिथल्या तिथे अध्यक्षांना फोन लावला. "उद्या दोन्ही घेऊन येतो. आता काय ते बोला!"

मी आतल्या आत किंचाळत होतो. अहो, दुसरे कुठले? तो मीच आहे! पण नाण्याचे ऐकतो कोण?

भरदुपारी दुकान बंद करून ते घरी धावले. डबी उघडली. आतले नाणे भिंगाखाली धरले. त्याच्या एकाला एकच दांडा होता. मग घड्याळजींनी मला उलटेपालटे केले आणि काठाखालच्या ओरखड्यावर त्यांचे बोट थांबले.

"अगं, डबीतलं नाणं कोणी बदललं?"

"मीच," पत्नी म्हणाली. "बससाठी घेतलं होतं. पण वर्षसुद्धा तेच बघून ठेवलं हो! तुमच्या संग्रहात खोट यायला नको म्हणून." त्यांचा चेहरा पाहून ती पांढरीफटक पडली. मग हळूच म्हणाली, "पहिल्याचा फोटो आहे ना? म्हणा की, दोन होती, एक हरवलं."

मी श्वास रोखला. ओरखडा काय, फोटोत झाकता आला असता. सहा वर्षांची चेष्टा एका वाक्यात संपली असती.

घड्याळजींनी फोन उचलला. "अध्यक्षसाहेब, माझी चूक झाली. दुसरं मिळालं नाही. हे पहिलंच आहे." पलीकडून हसण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळले. मला इतके वाईट कधीच वाटले नव्हते.

आज सकाळपासून पत्नी गल्ल्यातली नाणी पुढ्यात घेऊन भिंग लावून बसली आहे. "एकाचं टोक बघ, खाच दिसते का," असे ते शेजारी बसून सांगतात. तिला अजून धूळ आणि खाच यातला फरक कळत नाही. पण ती उठत नाही.

मित्रांनो, आता जे सांगतो ते त्या दोघांना सांगण्यासाठी मी काहीही दिले असते. बाहेर असताना, गेल्याच आठवड्यात, एका फळवाल्याच्या गल्ल्यात मी तासभर पडून होतो. माझ्या अंगाला अंग लावून एक नाणे होते. मी त्याच्याकडे पाहिले आणि गारच झालो. तेच वर्ष, तेच दोन दांडे, तीच खाच! माझे सख्खे भावंड! काही बोलणार, तोच फळवाल्याने ते उचलले आणि दोन पेरूंबरोबर ते एका शाळेच्या दप्तरात गेले.

तुमच्यापैकी कोणाच्या दप्तरात, ते मला माहीत नाही. वर्ष संपायला चार महिने आहेत. कृपा करून खर्च करण्याआधी एकदा बघा.