वीरमातेचं पान

आमच्या घरात मरणावर बोलण्याचा मक्ता आमच्या ह्यांच्याकडे होता. नाव दिवाकर, नोकरी तोफांच्या सरकारी फॅक्टरीत नकाशे सांभाळण्याची, आणि छंद लिहिण्याचा. साहित्यात खरा विषय एकच, तो म्हणजे मृत्यू, असं ते जेवताना सांगत आणि वर आणखी एक पोळी मागून घेत. मृत्यू सखा आहे, मृत्यू पैलतीर आहे, मृत्यू म्हणजे दमलेल्या जिवाची उशी आहे. प्रत्यक्षात कुणाकडे प्रेत उचलायची वेळ आली की ह्यांना हमखास खोकला व्हायचा. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तीन महिने त्यांच्या घाण झालेल्या चादरी मी धुतल्या आणि त्या गेल्यावर ह्यांनी अकरा पानांचा लेख लिहिला. त्यात चादरी नव्हत्या, पण लोक अजून त्या लेखाची आठवण काढतात.

तो लेख मीच उतरवून काढला होता. रांझी ही हिंदी मुलखातली फॅक्टरीची वस्ती, तिथल्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीला हस्तलिखित अंक निघायचा, एकच प्रत. पुरुषांनी लिहायचं आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवायचं, मथळे लाल शाईत, मजकूर काळ्या. मग अंक यादीप्रमाणे घरोघर फिरे. दोन दिवस ठेवायचा, शेवटच्या पानावर सही करायची आणि पुढच्या घरी द्यायचा. पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मदन महलपर्यंतची मराठी माणसं म्हणायची, अक्षर पाहावं तर वसुधाबाईंचं. ती वसुधा मी. मॅट्रिकला बसायच्या आधीच माझं लग्न झालं, तेव्हा या जगात माझं म्हणून जे काही होतं ते हे अक्षरच.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली. फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटले, आणि मंडळाने ठरवलं की यंदाचा अंक बलिदानावर काढायचा. आमच्यातलं कुणी तोवर बळी गेलेलं नव्हतं. ती अडचण पंधरा दिवसांत दूर झाली. राधाबाईंचा गुणवंत गेला.

राधाबाई आमच्या क्वार्टरांच्या मागे एका खोलीत राहायच्या. नवरा केव्हाच वारलेला, मुलगा एकुलता एक, दोन वर्षांपूर्वी फौजेत भरती झालेला. आम्हा सगळ्यांकडचे पापड आणि कुरडया त्यांच्याच हातच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून तार आली ती वाचून घ्यायला त्या माझ्याकडे आल्या. मी ती उघडली आणि वाचली. मला ते तोंडाने सांगावं लागलं.

त्या आमच्या अंगणात आडव्या पडल्या. धुण्याच्या दगडावर डोकं आपटायला लागल्या, मी हात मध्ये घातला तर माझ्या हाताला चावल्या. मंडळाचे अध्यक्ष बाबाराव बातमी कळताच सायकलवरून आले आणि वाकून हळूच म्हणाले की तुम्ही आता वीरमाता आहात, लोक बघताहेत, असं रडू नये. राधाबाईंनी बाजूची बादली उचलून त्यांच्या अंगावर फेकली. मग तासभर त्या ओरडत होत्या. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. आमचे हे आतल्या खोलीत दार लावून बसले होते.

चौथ्या दिवशी ह्यांचा लेख तयार झाला. नाव होतं ‘वीरमाता’. बाबाराव वाचून गहिवरले आणि स्वतः राधाबाईंना सांगून आले की तुमच्यावर लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्याकडे आल्या, डोक्यावरची जखम अजून ओली, आणि म्हणाल्या, वाचून दाखवा. मी दारात उजेडाला बसून वाचलं. त्यात तार आली तेव्हा माउली देवापुढे निरांजन लावत होती. तिने तार कपाळाला लावली. आई रडली नाही. ती एवढंच म्हणाली की दुसरा असता तर तोही दिला असता.

राधाबाईंनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग विचारलं, “वैनी, हे कोन्या बाईचं लिहिलं हाय?”

मी कागदाची घडी घालायला लागले.

“मी रडली नाही असं काहून लिहिलं? तुमी त होत्या तिथं.” त्यांचा आवाज चढला नाही. “अन् मी कोनाले देल्लं नव्हतं वं. सुट्टीवर आला तवा मले म्हने, माय, मी परत जात नाही, मले भेव लागते. मीच म्हनलं, जाय बाबा, लोकं पळपुटा म्हनतीन. मीच धाडलं. आता मी रडलीबी नाही असं लिहून ठेवलं, त त्याले काय वाटन? मायनं धाडलं अन् वरतून रडलीबी नाही?”

मेलेल्या मुलाला वाचता येतं का, असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. मी त्यांना शब्द दिला, मी लिहिते म्हणून.

आणि लिहिलं. ह्यांच्या लेखाची सुरुवात तशीच ठेवली, बाकी पान बदललं. धुण्याचा दगड लिहिला, बादली लिहिली, माझ्या हातावरचे दात लिहिले. मुलगा घाबरत होता आणि आईने त्याला परत पाठवलं, हेही लिहिलं. राधाबाईंची वाक्यं राधाबाईंच्याच बोलीत ठेवली. पंचवीस वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदाच स्वतःहून काही लिहीत होते आणि मला त्याचा आनंद होत होता, हे सांगायला लाज वाटते पण होत होता. मरणावर असं लिहायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाइंडिंगला देण्याआधी बाबारावांनी अंक चाळला. संध्याकाळी दोघं आमच्या बैठकीत बसले. प्रकाशनाला फौजेतले एक मोठे साहेब येणार होते आणि त्यांच्यासमोर शिपाई घाबरला होता हे कसं वाचायचं, असं बाबारावांचं म्हणणं. त्या साहेबांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. आमच्या ह्यांनी साहित्यावर व्याख्यान दिलं. मृत्यूकडे अंतरावरून पाहावं लागतं, आरडाओरडा म्हणजे कला नव्हे, वगैरे. हे अंतर म्हणजे आतल्या खोलीचं बंद दार, हे मला ठाऊक होतं. शेवटी ते माझ्याकडे वळले.

“तुला उतरवायला दिलं होतं, लिहायला नाही.”

मग शांतपणे म्हणाले की जमत नसेल तर मंडळातल्या पुंडलिकरावांच्या विनीताचं अक्षरही बरं आहे, यंदापासून तिच्याकडे देऊ. बाबारावांनी मान हलवली.

मारलं असतं, उपाशी ठेवलं असतं, तर मी कदाचित अडून बसले असते. पण अंक विनीताकडे जाणार या एका धाकाने मी नमले. ह्यांनी ते पान फाडून चार तुकडे केले आणि शेगडीत टाकले. मला ते उचलता आले असते. मी बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक आटोपून मी नवा कागद घेतला, समास आखले आणि ‘वीरमाता’ जसाच्या तसा उतरवून दिला.

प्रकाशन थाटात झालं. साहेबांनी अंक उघडून माझ्या अक्षराची तारीफ केली. “बहुत सुंदर,” म्हणाले. राधाबाईंना शाल दिली, नारळ दिला. अंक फिरायला लागला, पण यादीत राधाबाईंचं नाव नव्हतं, कारण त्यांना वाचता येत नव्हतं.

यादीप्रमाणे अंक आमच्या घरी आला तेव्हा त्या दुपारच्या आल्या. माझं पान दाखवा म्हणाल्या. मी अंक मांडीवर घेतला, ‘वीरमाता’ काढला आणि वाचायला लागले. डोळ्यांपुढे निरांजन होतं आणि तोंडाने मी धुण्याचा दगड वाचत होते. बादली वाचली, दात वाचले, मुलाची भीती वाचली, त्यांचीच वाक्यं त्यांना परत दिली. कुठे अडखळले नाही, सगळं तोंडपाठ होतं. राधाबाई ऐकत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी चेहऱ्यावर समाधान होतं. मला वाटलं, सुटले.

त्या पुढे सरकल्या. पदराला हात पुसून त्यांनी उजव्या हाताचं बोट माझ्यापुढे धरलं.

“वैनी, मी रडली ते कुठं लिहिलं हाय? मले तिथं बोट ठेवून द्या.”

मी त्यांचं बोट धरलं आणि ‘आई रडली नाही’ या ओळीवर ठेवलं. दुसरी कुठली ओळ देणार होते? त्यांनी तिच्यावरून सावकाश बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं, आणि गुणवंताचं नाव घेऊन ते बोट कपाळाला लावलं.